काढायचं तर आधी नेमावं लागतं

प्रश्न : रात्री मोबाइलवर फुटबॉल बघायची मला सवय लागली आहे. मोठ्या क्लबांपेक्षा इंग्लंडच्या खालच्या लीग जास्त आवडतात. तिथल्या बातम्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते : अमुक क्लबनं मॅनेजरला नारळ दिला, चार महिन्यांनी त्याच्या जागी आलेल्यालाही नारळ. आमच्याकडे शाळेचा संघ तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरून आला तरी सरांची खुर्ची हलत नाही. तिथे एवढ्या घाईनं माणसं का काढतात? काढून संघ सुधारतो का? आपल्याकडे असं का होत नाही? आणि जाता जाता घरचा प्रश्न : भाचा बी.पी.एड. करतो आहे, त्याला फुटबॉलचा कोचच व्हायचं आहे. होऊ द्यावं का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी थोडक्यात सांगतो. तिथे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, काढतात. कारण मोसमाच्या मध्यावर मालकाच्या हातात बदलण्याजोगं तेवढंच उरलेलं असतं. त्यानं संघ सुधारल्यासारखा दिसतो, पण बहुतेक वेळा तो तसाही सुधारला असता. आपल्याकडे हे होत नाही, कारण काढता येईल अशी नेमणूकच क्वचित होते. भाच्याबद्दल शेवटी बोलू, कारण ते उत्तर या तिन्हींवर अवलंबून आहे.

घाई कशाची?

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या २० क्लबांखाली इंग्लिश फुटबॉल लीगचे ७२ क्लब येतात. चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन श्रेणी, प्रत्येकीत २४ क्लब. त्याखाली नॅशनल लीग आणि तिच्याखाली आणखी पायऱ्या. दर मोसमाला वरचे चढतात, तळाचे उतरतात. लीग टूमधून दोन क्लब खाली जातात. खाली जाणं म्हणजे फक्त मान जाणं नव्हे. टीव्हीच्या पैशातला वाटा आटतो, जाहिरातदार हात आखडतो, बरे खेळाडू दुसरीकडे बघू लागतात. गावातल्या क्लबच्या कार्यालयात तिकिटं विकणाऱ्या बाईची नोकरीसुद्धा त्या एका पायरीवर टांगलेली असते.

आता असं धरा की फेब्रुवारी आहे आणि संघ ओळीनं सहा सामने हरला आहे. खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच, ठरलेल्या मुदतीत करता येते. जानेवारीची मुदत संपलेली आहे. पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, मैदान बदलता येत नाही, मालक स्वतःला काढणार नाही. उरतो एक माणूस. त्याला काढलं की शनिवारी येणाऱ्या प्रेक्षकांना काहीतरी केल्याचं दिसतं. म्हणून संतापाची पहिली लाट मॅनेजरवर फुटते.

कधी तर हरण्याचीही गरज पडत नाही. १७ मे २००७ रोजी टॉर्की युनायटेड या क्लबनं लेरॉय रोझिनियर यांना मॅनेजर म्हणून पत्रकारांसमोर आणलं. ते काही परके नव्हते. याच क्लबला २००४ मध्ये त्यांनी वरच्या श्रेणीत नेलं होतं. पण त्याच दिवशी मालकानं क्लब विकला आणि नव्या मालकांना त्यांचा माणूस हवा होता. रोझिनियर यांची ती कारकीर्द सुमारे दहा मिनिटांची भरली. एकही सामना नाही, एकही सराव नाही. इथे कामगिरीचा संबंधच नव्हता, मालकी बदलली एवढंच झालं. खालच्या लीगमध्ये क्लब वारंवार हात बदलतात आणि प्रत्येक नवा मालक आपला माणूस घेऊन येतो, हे नोकरी जाण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

उलट उदाहरणंही आहेत. जॉन कोलमन १९९९ मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅनलीत आले तेव्हा हा क्लब फुटबॉल लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली होता. २००६ मध्ये त्यांनी त्याला फुटबॉल लीगमध्ये आणलं. जानेवारी २०१२ मध्ये ते रॉचडेलला गेले आणि जवळपास एका वर्षानं तिथून त्यांना काढलं गेलं. २०१४ मध्ये ते पुन्हा ॲक्रिंग्टनला आले, २०१८ मध्ये लीग टू जिंकले आणि मार्च २०२४ पर्यंत टिकले. शेवटी तिथूनही काढले गेले. माणूस तोच, विद्या तीच. एका गावात मिळून वीस वर्षांच्या वर, दुसऱ्या गावात एक वर्ष. मॅनेजर किती टिकतो हे त्याच्या वकुबाइतकंच समोर बसलेल्या मालकाच्या दमावर ठरतं.

दमदार मालक कसा मिळवावा याचंही एक उदाहरण आहे, पण ते सर्वांना जमणारं नाही. हॅरोगेट टाउनमध्ये सायमन वीव्हर २००९ मध्ये मॅनेजर झाला. दोन वर्षांनी क्लबची मालकी त्याच्या वडिलांकडेच आली. २०२० मध्ये क्लब इतिहासात पहिल्यांदा लीग टूमध्ये पोहोचला तेव्हा प्रशिक्षकाच्या बाकावर मुलगाच होता.

काढून फरक पडतो का?

हा तुमचा सर्वांत चांगला प्रश्न, कारण डोळ्यांना दिसतं ते इथे फसवं आहे. मॅनेजर काढल्यावर संघ पुढचे काही सामने खरंच बरा खेळतो. प्रेक्षक म्हणतात, बघा, काढलं म्हणून सुधारला.

बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञानं हीच गोष्ट तपासली. त्यानं नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले निकाल घेतले. ज्या क्लबांनी मॅनेजर काढला त्यांची कामगिरी आधी ढासळलेली होती आणि नंतर सुधारली, हे त्याला दिसलं. पण तो तिथे थांबला नाही. ज्यांची कामगिरी तशीच ढासळली होती आणि तरीही ज्यांनी मॅनेजर ठेवला, असे क्लब त्यानं शोधले. तेही तेवढेच सुधारले होते.

याचं कारण सोपं आहे. ओळीनं सहा सामने हरताना संघाचं सगळंच उलटं पडत असतं : दोन चांगले खेळाडू जायबंदी, एक पेनल्टी चुकलेली, पंचांचा एक निर्णय विरुद्ध गेलेला, समोर पाठोपाठ तगडे संघ आलेले. असं सगळं एकदम उलटं फार दिवस पडत नाही. काही आठवड्यांत संघ आपल्या नेहमीच्या पातळीवर परत येतो. मालक नेमका सगळ्यात वाईट क्षणी माणूस काढतो, म्हणून नव्या माणसाच्या वाट्याला चढण येते आणि श्रेयही येतं.

मग हे माहीत असूनही काढतात का? हो. १९६४ मध्ये गॅमसन आणि स्कॉच या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बेसबॉलच्या मॅनेजरांवर लिहिताना म्हटलं की ही हकालपट्टी म्हणजे एक विधी आहे : दोष एकाच्या डोक्यावर घालून बाकीच्यांनी मोकळं व्हायचं. त्या काळातल्या बेसबॉलबद्दल केलेलं हे निदान आजच्या फुटबॉललाही तंतोतंत लागू पडतं. विधीचा उपयोग निकालावर नसेल, लोकांचा राग शमवण्यावर असतो. तिकिटं विकायची असतील तर तोही उपयोगच.

काही वेळा काढणं योग्यही ठरतं हे मात्र मान्य करायला हवं. खेळाडूंनी प्रशिक्षकाचं ऐकणंच सोडलं असेल, तर वाट बघण्यात अर्थ नसतो. पण बाहेरून ते ओळखता येणं कठीण, आणि सहा पराभव हा त्याचा पुरावा नव्हे.

महाराष्ट्रात माणसाआधी क्लब जातो

आता आपल्याकडे या. आपल्या राज्यातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला नारळ मिळतो, नाही असं नाही. मुंबई एफसीनं २०१७ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या ऐन मोसमात संतोष कश्यप यांना बाजूला करून स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन यांना आणलं. तरीही संघ तळाला राहिला, खालच्या श्रेणीत गेला आणि पुढे क्लबच संपला.

त्याच मोसमात दुसरीकडे काय चाललं होतं बघा. मुंबई एफसीला २००९ पासून सात वर्षं सांभाळून, दरवर्षी तळातून वाचवत आणणारे खालिद जमील २०१६ मध्ये तिथून बाहेर पडले होते. ते गेले मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे. तो क्लब आदल्या मोसमात खाली घसरलेला, आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे परत घेतला गेलेला. ३० एप्रिल २०१७ रोजी त्याच आयझॉलनं आय-लीग जिंकली. ज्या मोसमात मुंबई एफसी शेवटची आली, त्याच मोसमात तिचा जुना प्रशिक्षक पहिला आला.

पुढेही जमील यांना स्थैर्य मिळालं असं नाही. ईस्ट बंगालमध्ये एक मोसम, मोहन बागानमध्ये काही महिने. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं परदेशी प्रशिक्षकाला मध्येच काढलं म्हणून त्यांच्याकडे तात्पुरती सूत्रं आली आणि त्यांनी संघ बाद फेरीत नेला. इंडियन सुपर लीगमध्ये असं करणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांची ही चढण पाहताना दुसऱ्याची खुर्ची गेली म्हणून आपली आली, हा हिशेब त्यांच्याही वाट्याला आला हे विसरू नये.

पण महाराष्ट्राची खरी कहाणी डेरिक परेरा यांच्या नोकऱ्यांमधून कळते. हे मूळचे गोव्याचे. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची, आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये महिंद्रानं संघ बरखास्त केला. तोवर परेरा पुणे एफसीत गेले होते आणि २०१२-१३ मध्ये त्यांनी पुण्याला आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. पुढच्या मोसमाला पुण्याच्या बाकावर डच प्रशिक्षक माइक स्नोई होते. काही वर्षांत पुणे एफसीही उरला नाही. परेरा पुढे पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्समध्ये आले; तो क्लब २०१७ नंतर मैदानावर दिसला नाही. मध्ये २०१५ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळला, शेवटचा आला आणि बंद झाला.

महाराष्ट्रात परेरांनी ज्या तीन मोठ्या क्लबांना शिकवलं, ते तिन्ही आज नाहीत. राष्ट्रीय विजेतेपद आणि उपविजेतेपद मिळवणाऱ्या माणसाची ही गत. परेरांना काढलं असतं तर निदान त्यांच्या जागी कुणी तरी आलं असतं. इथे जागाच गेली. खेळाडू, फिजिओ, किट सांभाळणारा, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, सगळ्यांची एकदम.

असं का झालं? इंग्लंडच्या छोट्या क्लबाला गाव असतं. शंभर-सव्वाशे वर्षांचं मैदान, पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक. मालक बुडाला तरी क्लब बहुधा कुणी ना कुणी उचलतो. आपले हे क्लब कंपनीच्या निर्णयातून जन्मले आणि कंपनीच्या निर्णयानं संपले. तिकिटांचं उत्पन्न नगण्य, टीव्हीचं त्याहून कमी. कंपनीच्या प्राधान्यक्रमात फुटबॉल खाली सरकला की हिशेब संपला. राज्यात याला अपवाद म्हणून कोल्हापूर दाखवता येईल. तिथे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. तिथे क्लब बुडत नाही, कारण तो पेठेचा आहे.

कागद कुणाकडे आहे?

नोकरी जाण्यातली दुसरी गोष्ट म्हणजे जाताना हातात काय पडतं. भारताच्या राष्ट्रीय संघाचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना १७ जून २०२४ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं काढलं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला होता. पण त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता. त्यांनी फिफाकडे जाण्याचा इशारा दिला आणि अखेर ४ लाख अमेरिकी डॉलरवर तडजोड झाली.

फिफानं १ जानेवारी २०२१ पासून प्रशिक्षकांच्या नोकरीसाठी स्वतंत्र नियम लागू केले आहेत. करार लेखी हवा, मुदत आणि पगार त्यात हवा, आणि सबळ कारणाशिवाय मुदतीआधी काढलं तर भरपाई द्यावी लागते. मात्र फिफाच्या न्यायाधिकरणाकडे ज्या वादात दोन देशांचा संबंध आहे असे वाद जातात. परदेशी प्रशिक्षक आणि भारतीय क्लब यांचं भांडण तिथे जाऊ शकतं. भारतीय प्रशिक्षक आणि भारतीय क्लब यांचं भांडण देशातच, महासंघाच्या समित्यांपुढे किंवा कोर्टात चालतं. एकाच बाकावर बसलेल्या दोन प्रशिक्षकांपैकी परदेशी माणसाच्या मागे असलेलं संरक्षण शेजारच्या देशी माणसाला मिळत नाही.

आणि करार असला तरी काय होऊ शकतं हे २०२५ मध्ये दिसलं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा होईना, म्हणून जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा मोसमच अधांतरी राहिला. बेंगळुरू एफसीनं ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार थांबवले. ओडिशा आणि चेन्नईयिनमध्येही असेच निर्णय झाले. ज्या आठवड्यात खालिद जमील देशाचे प्रशिक्षक झाले, त्याच आठवड्यात देशातल्या सर्वोच्च लीगच्या प्रशिक्षकांना पुढचा पगार कधी मिळेल हे ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर ही स्थिती, मग खालच्या मजल्याची कल्पना करा.

यवतमाळात सरांना कुणी का काढत नाही?

आता तुमच्या तालुक्याकडे. तुमच्या शाळेचे सर हरूनही टिकतात, कारण त्यांना पगार फुटबॉलचा मिळतच नाही. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत. सकाळची प्रार्थना, कवायत, खो-खो, कबड्डी, निवडणुकीची ड्यूटी, गॅदरिंग आणि जमलं तर फुटबॉल. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांमध्ये संघ आधी तालुक्यात, मग यवतमाळला जिल्ह्यात, मग अमरावती विभागात आणि तिथून राज्यात जातो. शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाचा रस्ताही असाच. पहिल्या फेरीत हरल्यानं सरांचं काही बिघडत नाही, आणि राज्यापर्यंत गेल्यानं पगारही वाढत नाही.

विदर्भातलं बहुतेक फुटबॉल असंच दुसऱ्या कुणाच्या तरी पगारावर उभं राहिलं. नागपूरची जिल्हा लीग बघा. कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब यांच्यासोबत तिथे रेल्वे आणि पोलिसांचे संघ खेळतात. खात्यात नोकरी लागली की माणूस खेळतो, वय झालं की शिकवतो. महिन्याच्या महिन्याला पगार खात्याचाच. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देणारे विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात ते काम सुरू केलं तेव्हा ते हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. त्यांच्या कामावरून नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ हा चित्रपट काढला. पडद्यावर त्या माणसाची जिद्द दिसते. त्या जिद्दीला पाठबळ देणारा कॉलेजचा पगार सहसा चर्चेत येत नाही. तो नसता तर रविवारच्या सामन्यांसाठी घरचा किराणा थांबला असता.

पण काळजीची गोष्ट पुढे आहे. हा पाठबळाचा पगारच आता पातळ होतो आहे. शाळेत किती शिक्षक हवेत हे संचमान्यतेत विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरतं. पट घसरला की पद जातं आणि सर अतिरिक्त ठरतात. मग दुसऱ्या शाळेत समायोजनाची वाट बघणं आलं. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमणुका होतात : तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळांना आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक द्यायला सांगितलं, पण अर्धवेळ. म्हणजे कायद्यानंच खेळाच्या माणसाला अर्धा मोजला.

सरकारच्या खेलो इंडिया योजनेत जिल्हा पातळीवरची केंद्रं आहेत. माजी खेळाडूनं तिथे मुलांना शिकवायचं आणि त्याला मानधन मिळायचं, अशी कल्पना. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या ३० जिल्ह्यांसाठी अशी ३६ केंद्रं मंजूर झाली, अंदाजे खर्च ३ कोटी ६० लाख. सरासरी एका केंद्रामागे दहा लाख. त्यातच सामान, मैदानाची डागडुजी, स्पर्धा आणि प्रशिक्षकाचं मानधन. प्रयत्न चांगला आहे, कारण यात पहिल्यांदा खेळ शिकवण्याचे पैसे मिळतात. पण मानधन म्हणजे पगार नव्हे, आणि पुढचा निधी येणं न येणं प्रशिक्षकाच्या हातात नसतं.

आपल्या भागात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतमजूर, पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा बोलणी होतात. धन्यानं बोलावलं नाही तर त्याला कुणी काढलं असं म्हणत नाहीत. साल भरलं, एवढंच. मानधनावरच्या प्रशिक्षकाचं अगदी असंच आहे. त्याला हकालपट्टीचं पत्र येत नाही, त्याच्यावर बातमी होत नाही, भरपाईचा प्रश्न उठत नाही. जूनमध्ये फोन येत नाही, तेव्हा त्याला समजतं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : आपल्याकडेही नोकऱ्या जातात, बहुधा तिथल्यापेक्षा जास्तच. फरक इतकाच की तिथे जाणाऱ्याला नाव असतं, तारीख असते, कारण असतं आणि उरलेल्या मुदतीचे पैसे मागता येतात. इंग्लंडच्या मॅनेजरांची १९९२ पासून स्वतःची संघटनासुद्धा आहे. ती दरवर्षी किती जण काढले गेले आणि ते किती दिवस टिकले होते याचा हिशेब मांडते. आपल्याकडे हा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण ज्याला रीतसर नेमलं नव्हतं तो गेला हे नोंदवायचं कुठे?

भाच्याला होऊ द्यावं का?

होऊ द्या, पण काही गोष्टी आधी समजावून सांगा.

पहिली, बी.पी.एड. आणि फुटबॉलचं प्रशिक्षण या दोन वेगळ्या वाटा आहेत. पदवी त्याला शाळेच्या दारापर्यंत नेईल. क्लबच्या बाकावर बसायला आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची शिडी लागते : डी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. वरच्या लीगमध्ये वरचाच परवाना चालतो. शिकत असतानाच डीपासून सुरुवात करावी. क्लब बुडाला, शाळेचा पट घसरला, योजना बंद पडली तरी परवाना त्याच्या नावावर राहतो. या धंद्यात एवढी एकच गोष्ट माणसासोबत गाव बदलते.

दुसरी, पहिली काही वर्षं फुटबॉलवर घर चालेल असं धरू नये. शिक्षकाची, खात्याची किंवा घरच्या शेतीची मिळकत हाताशी ठेवून शिकवावं. याला कमीपणा मानण्याचं कारण नाही. विदर्भातली चांगली माणसं अशीच उभी राहिली. पण लहान वयाच्या मुलांना शिकवण्याची गोडी असेल तर तिथे मागणी खरी आहे. वरिष्ठ संघाला एकच मुख्य प्रशिक्षक लागतो. बारा वर्षांच्या मुलांच्या वीस गटांना वीस जण लागतात, आणि तिथे सहा सामने हरलं म्हणून कुणी ओरडत नाही.

तिसरी, कुठेही काम घेतलं तरी कागद घ्यावा. किती महिन्यांची नेमणूक, किती पैसे, कोणत्या तारखेला, मध्येच थांबवायचं तर किती दिवसांची सूचना, उरलेल्या मुदतीचं काय, मोसम रद्द झाला तर काय. एका पानात बसेल एवढंच. गावच्या मंडळानं स्पर्धेपुरतं बोलावलं तरी निदान मोबाइलवर लेखी कबुली घ्यावी.

चौथी आणि शेवटची, कागद मागताना संकोच करू नये. काढलं तर काय देणार, असं नेमतानाच विचारणारा पोरगा क्लबवाल्यांना भांडखोर वाटेल. वाटू द्या. स्टिमाच यांना ४ लाख डॉलर मिळाले ते विजयांमुळे नव्हे, करारामुळे.